यादीतले नाव आणि सांभाळणारा माणूस

लॅरी वॉल यांनी १९८७ साली लोकांपुढे आणलेली ‘पर्ल’ ही संगणकभाषा ज्या प्लॅटफॉर्मवर चालते, म्हणजे ज्या यंत्रांवर आणि कार्यप्रणालींवर चालते, त्यांची यादी पुढे बरीच लांबली. तिच्यात आयबीएमच्या महाकाय यंत्रांची झेड-ओएस ही प्रणालीही होती. बँकांचे आणि विमा कंपन्यांचे हिशेब आजही अशा यंत्रांवर होतात.

अडचण होती ती त्या यंत्रांच्या लिपीची. आपल्या घरचा संगणक रोमन ‘ए’ला ६५ या अंकाने ओळखतो, १९६४च्या सिस्टीम-३६० पासून चालत आलेली आयबीएमची एब्सिडिक पद्धत त्यालाच १९३ म्हणते. शिवाय तिथे अक्षरे सलग नाहीत. ‘आय’ २०१वर, तर लगतचा ‘जे’ थेट २०९वर. एकेक अंक वाढवत ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत जाऊ पाहणारा साधासुधा प्रोग्रॅम मधल्या खड्ड्यात पडतो. सुधारणा करणारा ती आपल्या यंत्रावर तपासून पाहतो. एब्सिडिकवर काय मोडले, हे त्याला कळायला मार्गच नसतो.

असे होता होता पर्लच्या नव्या आवृत्त्या झेड-ओएसवर धड उभ्या राहीनाशा झाल्या. गंमत अशी, की पाठिंबा काढून घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नव्हते. २०१५च्या ५.२२ आवृत्तीत हे काम पुन्हा मार्गी लागले, तेव्हा सोबतच्या टिपणात तशी स्वच्छ कबुलीच आहे. त्याआधी, २०१३च्या ५.१८मध्ये बीओएस, एमपीई-आयएक्स वगैरे प्रणालींना पर्लने उघड निरोप दिला होता. मला हा निरोप अधिक प्रामाणिक वाटतो. एसटीच्या फलकावर गावाचे नाव आहे आणि गाडी मात्र तिथे थांबतच नाही, यापेक्षा थांबा रद्द झाल्याची पाटी बरी. निदान माणूस उन्हात ताटकळत नाही.

‘पायथन’ या भाषेने यासाठी २००२मध्येच लेखी नियम केला. मार्टिन फॉन लोविस यांनी लिहिलेला हा दस्तऐवज ‘पेप ११’ म्हणून ओळखला जातो. त्यातली रीत पाहण्यासारखी आहे. प्रणाली एका फटक्यात गाळायची नाही. आधी एका आवृत्तीत तिच्यावरची बांधणी मुद्दाम अडवायची, पण तिच्यासाठी लिहिलेला कोड तसाच ठेवायचा. तो काढायचा पुढच्या आवृत्तीत. दरम्यान कोणी सांभाळायला पुढे आला, तर मार्ग मोकळा.

२०२२मध्ये या नियमात श्रेणी आल्या. पहिल्या श्रेणीतल्या प्लॅटफॉर्मवर बिघाड असेल तर नवी आवृत्तीच थांबते. दुसरीसाठी मुख्य विकासकांपैकी किमान दोघांनी जबाबदारी घ्यावी लागते, तिसरीसाठी एकाने. यंत्रे किती विकली गेली, हे इथे कोणी विचारत नाही. रात्री काही मोडले तर कोण उठणार, हे विचारले जाते. आणि यातले कित्येक जण फावल्या वेळात, बिनपगारी राबणारे.

अर्थात आपल्या यादीत नाव ठेवून भागतेच असे नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये पायथनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ या बहुवापराच्या संचाने आपला काही भाग ‘रस्ट’ या भाषेत नेला. अल्फा, एचपी-पीए असल्या जुन्या प्रोसेसरांसाठी रस्ट उपलब्धच नव्हती. पायथन तिथे चालत होती, पण हा संच बांधणे अडले. जेंटू लिनक्सच्या मंडळींनी तक्रार केली. त्यांचा त्रागा मला समजतो. आपल्या यंत्राचे भवितव्य दुसऱ्याच भाषेच्या यादीत ठरावे, हे जाचकच. पण ज्या यंत्रावर आपण कधी तपासणी केली नाही, त्याची हमी तरी संचाच्या कर्त्यांनी कशी द्यावी?

ब्राउझरमध्ये पायथन चालवणारा ‘एमस्क्रिप्टन’ हा प्लॅटफॉर्म ३.११मध्ये तिसऱ्या श्रेणीत होता. ३.१३मध्ये तो गळाला. पुढे सांभाळणारी माणसे मिळाली, आणि २०२५च्या ३.१४मध्ये त्याचे नाव पुन्हा यादीत लागले.