योगाभ्यासाचे यांत्रिक मापन : लोणावळ्याची प्रयोगशाळा आणि गतिसंवेदी कॅमेरा

प्रस्तावना

मानवी हालचाल यंत्राने टिपून तिचा अर्थ लावणे हा केवळ संगणकयुगाचा विषय नाही. फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८२ पासून हालचालीच्या क्रमिक अवस्था एकाच छायाचित्रात टिपल्या. महाराष्ट्रात या विचाराला वेगळे वळण मिळाले ते मावळ तालुक्यातील लोणावळा येथे. प्रस्तुत लेखात तेथील योगसंशोधन आणि गतिसंवेदी कॅमेऱ्याची संगणकप्रणाली यांचा एकत्रित विचार केला आहे.

कैवल्यधामातील प्रयोग

स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३-१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू झाले. योगक्रियांचे परिणाम श्रद्धेने न स्वीकारता क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने तपासावेत, ही त्यांची भूमिका होती. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना मापनात आढळले. बस्तीक्रियेत पाणी आत कसे ओढले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. या अवस्थेला त्यांनी आपले गुरू परमहंस माधवदास यांच्या नावावरून 'माधवदास निर्वात' असे नाव दिले. येथे यंत्र डोळ्यांना न दिसणारे मोजत होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

गतिसंवेदी कॅमेऱ्याची प्रणाली

नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'किनेक्ट' हे उपकरण खेळासाठी बाजारात आणले. त्यात रंगीत कॅमेरा, अवरक्त किरणांचा प्रक्षेपक व संवेदक आणि चार ध्वनिग्राहक होते. प्रत्येक बिंदूचे अंतर दर्शवणाऱ्या प्रतिमेवरून प्रणाली शरीराचे भाग ओळखी आणि वीस बिंदूंचा सांगाडा रची. ही ओळख तिला असंख्य नमुना-प्रतिमांवरून शिकवलेली होती. जून २०११ मध्ये विकसकांसाठी साधनसंच उपलब्ध झाल्यावर व्यायाम व पुनर्वसन या क्षेत्रांतही उपयोग सुरू झाला. आसनाची तपासणी हा त्यातील स्वाभाविक टप्पा होय.

मर्यादा

तथापि समोर उभा असलेला खेळाडू गृहीत धरून घडवलेली ही प्रणाली पद्मासनातील एकमेकांत गुंतलेले पाय किंवा शीर्षासनातील उलटे शरीर पाहून गोंधळते. त्याहून मूलभूत अडचण उड्डियानाची आहे. श्वास पूर्ण सोडून पोट आत ओढले गेले की नाही, हे सांगणारा बिंदूच त्या वीस बिंदूंत नव्हता. अंतरप्रतिमेत पोटाची खोबण काही प्रमाणात उमटू शकते. सांगाडा रचताना मात्र ती माहिती गळून पडते. म्हणजे काय मोजायचे हे आधीच ठरलेले असते आणि उरलेले यंत्रासाठी अस्तित्वातच नसते.

आवाजाच्या बाबतीतही हेच घडले. किनेक्टच्या वाक्-ओळखीत मराठीला स्थान नव्हते. 'श्वास सोडा', 'थांबा' या योगवर्गातील साध्या सूचना त्याला कळणाऱ्या नव्हत्या. भ्रमणध्वनीवर गूगलची मराठी वाक्-ओळख २०१७ मध्ये आली. त्याच वर्षी किनेक्टचे उत्पादन थांबवण्यात आले. आता साध्या कॅमेऱ्याच्या चित्रावरूनही शरीरस्थिती ओळखता येते. परंतु सांध्यांच्या बिंदूंवर भिस्त ठेवण्याची पद्धत कायम आहे.

समारोप

कुवलयानंदांनी आधी प्रश्न निश्चित केला आणि मग त्याला साजेसे यंत्र निवडले. आजच्या प्रणालीत बहुधा उलट क्रम दिसतो. कॅमेऱ्याला जे दिसते त्यालाच 'अचूक आसन' म्हटले जाते. कोन बरोबर असूनही श्वास चुकीचा असू शकतो, आणि अशा साधकाला यंत्राने दिलेली शाबासकी अपायकारक ठरू शकते. म्हणून आसन-तपासणीची प्रणाली घडवताना योगशिक्षक, शरीरशास्त्रज्ञ व भाषातज्ज्ञ यांचा सहभाग आरंभापासूनच असणे आवश्यक आहे. लोणावळ्याच्या प्रयोगपरंपरेचे आजचे महत्त्व या शिस्तीत आहे.