मोसमाच्या सुरुवातीचे आकडे कसे वाचायचे?

एप्रिल २०१६. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर दिल्लीत फेडरेशन कपमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस धावली. वेळ ९ मिनिटं २७.०९ सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम. पुढच्याच महिन्यात शांघायला सुधा सिंगने ९:२६.५५ वेळ देऊन तो मोडला. त्या दिवशी कुणी विचारलं असतं की रिओ ऑलिम्पिकची फायनल कोण गाठेल, तर कागदावर सुधाचं नाव वर होतं. ऑगस्टमध्ये रिओत ललिताने प्राथमिक फेरीत ९:१९.७६ वेळ दिली, विक्रम परत घेतला आणि फायनलमध्ये दहावी आली. सुधाला प्राथमिक फेरीत ९:४३.२९ लागले.

मे महिन्यातल्या त्या अर्ध्या सेकंदाने पुढचं काहीच सांगितलं नव्हतं. तरी दर मोसमात पहिल्या एक-दोन निकालांवरून 'हा संपला' आणि 'हाच पुढचा स्टार' अशा पोस्ट पडतातच. सुरुवातीच्या कामगिरीत नेमकं काय बघायचं, यावर बरंच डोकं खपवलंय ते अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी.

स्प्रिंग ट्रेनिंग म्हणजे काय?

तिथला मुख्य मोसम मार्चच्या शेवटी सुरू होतो. त्याआधी फेब्रुवारीच्या मध्यापासून सगळे ३० संघ सरावाला जमतात, १५ ॲरिझोनात आणि १५ फ्लोरिडात. चेंडू टाकणारा तो पिचर, आणि सामना सुरू करणारा पिचर म्हणजे 'स्टार्टर'. मुख्य मोसमात तो नऊपैकी पाच-सहा डाव टाकतो. सराव सामन्यात मात्र पहिल्या वेळी एक-दोन डावच टाकतो आणि दर खेपेला थोडं वाढवत नेतो. खांदा आणि कोपर हळूहळू तयार करायचे असतात.

आता या दोन डावांवरून त्याचा ईआरए काढतात. ईआरए म्हणजे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा, नऊ डावांच्या हिशेबाने. दोन डावांत तीन धावा गेल्या की आकडा १३.५० दिसतो. बघणारा घाबरतो. पण त्या तीन धावा एका चुकीच्या चेंडूवर किंवा ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत लांब गेलेल्या एका फटक्यावर गेलेल्या असू शकतात. शिवाय पिचर तिथे जिंकायला उतरलेला असतोच असं नाही. हिवाळ्यात शिकलेला नवा चेंडू तो मुद्दाम पुन्हा पुन्हा टाकून बघत असतो. मार पडला तरी चालतो.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण शोहेई ओहतानीचं. २०१८ मध्ये तो जपानहून एंजल्स संघात आला. सराव सामन्यांत त्याने तीन डावही पुरे टाकले नाहीत आणि ईआरए निघाला २७.००. त्याला आधी खालच्या लीगमध्ये पाठवा, अशी चर्चा सुरू झाली. ८ एप्रिलला ओकलंडविरुद्ध त्याने सात डावांत १२ जणांना स्ट्राइकआउट केलं, आणि वर्षाखेरीस अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला.

मग बघायचं काय?

जे समोरच्यावर कमीत कमी अवलंबून आहे, ते आधी बघायचं. चेंडूचा वेग रडार गनवर मोजला जातो, बॅटर कोण आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. सुरुवातीला एखाद-दोन मैल कमी वेग चालतो, पण तो आठवड्यागणिक वर यायला हवा. मग फुकट बेस किती दिले ते बघायचं, कारण ते थेट नियंत्रणाचं माप आहे. स्ट्राइकआउटचा आकडाही उपयोगाचा, पण जपून. सराव सामन्यात उत्तरार्धात मुख्य खेळाडू बाहेर बसतात आणि खालच्या लीगमधली पोरं बॅटिंगला येतात.

आपल्याकडे कुस्तीच्या मैदानावर जाणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. पैलवानाने कुस्ती मारली म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'जोड कुणाशी होती?' तालमीतला वस्ताद निकालाआधी दम बघतो. पाचव्या मिनिटाला पोरगं कसं उभं आहे, यावर त्याचं मत ठरतं.

धावण्यात घड्याळ असतं, म्हणून ते जास्त विश्वासाचं. तरी दिल्लीचं एप्रिलअखेरचं ऊन आणि ऑलिम्पिकमधला वेगवान घोळका यांत मिळालेल्या वेळा सारख्या तराजूत घालता येत नाहीत. ललिताच्या बाबतीत एका शर्यतीपेक्षा ओळ महत्त्वाची होती. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ९:२७.८६, मग एप्रिलमध्ये ९:२७.०९. म्हणजे मोसमाच्या तोंडावरच ती आदल्या वर्षीच्या सर्वोत्तम वेळेच्या पुढे होती.

आणि कोपर

दुखापतीची बातमी बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा मोठी असते. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण एका किलोने हुकलं. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात, १३९ किलोच्या वजनाखाली, त्याचं कोपर दुखावलं. तिसरा प्रयत्नही त्याने केला, पण वजन राहिलं नाही.

पिचरच्या बाबतीतही धोक्याची जागा तीच, कोपराच्या आतल्या बाजूचा लिगामेंट. तो दुरुस्त करायच्या ऑपरेशनला १९७४ मध्ये ते पहिल्यांदा ज्या पिचरवर झालं त्या टॉमी जॉनचं नाव आहे. म्हणून एखाद्याचा ईआरए १३ झाला तर सोडून द्या. वेग अचानक तीन-चार मैलांनी उतरला तर मात्र लक्ष द्या.

ओहतानीचं तेच झालं. जूनमध्ये कोपर दुखावलं. २ सप्टेंबरला ह्युस्टनविरुद्ध तो परत चेंडू टाकायला आला आणि तिसऱ्या डावात त्याचा वेग पडला. तीन दिवसांनी तपासणीचा निकाल आला, ऑपरेशन करावं लागणार. त्याच दिवशी त्याने टेक्सासविरुद्ध दोन होमरन मारले. २०१९ मध्ये तो फक्त बॅट घेऊन खेळला.