शिवेवरची ढाल : शीवचा किल्ला आणि मार झेलण्याच्या चार तऱ्हा

#थ्रेड #मुंबईचाइतिहास #किल्ले

१/ ऑनलाइन कल्पनारम्य खेळांत एक वाद कधीच संपत नाही: सर्वांत भक्कम टँक कोणता? जाड चिलखताचा, चपळाईने वार चुकवणारा, की जखमा झेलता झेलता भरून काढणारा? सतराव्या आणि अठराव्या शतकांतील मुंबईच्या राज्यकर्त्यांपुढेही हाच प्रश्न होता. त्यांच्या चुकीची किंमत मात्र माणसांना मोजावी लागली. या वादाचे एक उत्तर शीव कोळीवाड्याजवळच्या टेकडीवर आजही पडक्या भिंतींच्या रूपाने उभे आहे.

२/ प्रथम खेळाची परिभाषा. चमूत तीन भूमिका असतात. एक शत्रूवर प्रहार करतो, दुसरा जखमा भरतो आणि तिसरा, म्हणजे टँक, शत्रूचा मार अंगावर घेतो. केवळ मार सोसणे हे टँकचे काम नव्हे. शत्रूचे लक्ष स्वतःकडे वळवणे आणि ते तिथेच खिळवून ठेवणे हे त्याचे खरे कर्तव्य. खेळाडू याला ‘ॲग्रो धरणे’ म्हणतात. ॲग्रो सुटला की टँक कितीही धडधाकट असला तरी मागचे सोबती मारले जातात.

३/ २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये आजमितीस सहा वर्गांना टँकची भूमिका घेता येते. वॉरियर आणि पॅलाडिन ढालीवर वार अडवतात. ड्रुइड अस्वलाचे रूप घेऊन जाड कातडीच्या बळावर उभा राहतो. डेथ नाइट नुकत्याच झेललेल्या माराच्या प्रमाणात स्वतःची जखम भरतो. मंक घावाचा काही भाग पुढे ढकलून हप्त्याहप्त्याने सोसतो. डीमन हंटर हालचालीच्या वेगावर तगतो. साधन वेगळे, कर्तव्य एकच.

४/ आता रणभूमी. ‘शीव’ म्हणजे गावाची हद्द. हा शब्दच या जागेचा इतिहास सांगतो. १६६८ मध्ये मुंबई इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली. मात्र खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. कंपनीचा मुलूख ईशान्येला जिथे संपत होता, तिथल्या शंकूसारख्या टेकडीवर गव्हर्नर जेरार्ड ऑन्जिए याच्या कारकिर्दीत (१६६९ ते १६७७) शीवचा किल्ला उभा राहिला.

५/ शीव एकटी नव्हती. वायव्येस माहीमच्या उपसागरावर पोर्तुगीज काळापासूनचा माहीमचा किल्ला, त्याच्या समोरच्या टोकाला वरळीचा किल्ला, पूर्व किनाऱ्यावर शिवडी आणि माझगाव, आणि दक्षिणेस या सर्वांच्या पाठीशी मुख्य कोट, म्हणजेच बॉम्बे कॅसल. गव्हर्नर, खजिना आणि वखार कोटात. कोळी, भंडारी, कुणबी आणि इतर रयत बहुतांशी कोटाबाहेरच्या वाड्या-वस्त्यांत. या चमूत ढाल कोणाची आणि कोणासाठी, हे नकाशा पाहिल्याबरोबर ध्यानात येते.

६/ पहिली तऱ्हा : अस्वलाची. शीवचा किल्ला या जातीचा. उंची, दगड, तोफा आणि अचल बैठक. टेकडीवरून खाडी, मिठागरे आणि पलीकडची साष्टी नजरेच्या टप्प्यात येई. समोरून चाल करून येणाऱ्याला चढणीवर मार खावा लागे. अशा टँकचे सामर्थ्य निर्विवाद असते, परंतु त्याला एक अट आहे: शत्रूने त्याच्याच समोर यायला हवे.

७/ १६८९ मध्ये शत्रू तिथे आलाच नाही. कंपनीचा सर जॉन चाइल्ड याने मोगलांची जहाजे धरून औरंगजेबाशी वैर ओढवून घेतले होते. बादशहाच्या वतीने जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईवर चालून आला आणि पूर्व किनाऱ्यावर शिवडीला उतरला. त्याच्या फौजेचा आकडा २०,००० असल्याचे जुने वृत्तांत सांगतात. एवढ्या लोंढ्यापुढे शिवडीचे ठाणे टिकणे शक्यच नव्हते.

८/ पुढचा क्रम वेगवान होता. शिवडीपाठोपाठ माझगावचा किल्ला पडला. त्या वेळी मुंबईत असलेला खलाशी अलेक्झांडर हॅमिल्टन लिहून गेला आहे की तिथली शिबंदी ठाणे सोडून निघून गेली. मग माहीम हातचे गेले. इंग्रजांकडे कोट आणि त्याच्या आसपासचा दक्षिणेकडील टापू एवढेच उरले. बेटाच्या बाकी भागावर सिद्दीचा अंमल बसला.

९/ शिवडी, माझगाव, माहीम आणि शीव यांच्या भिंती एकाच वेळी सारख्याच निरुपयोगी का ठरल्या? या ठाण्यांपाशी शत्रूला रोखून धरण्याचे साधन नव्हते. किल्ला हलत नाही. शत्रूने त्याला वळसा घातला, तर आतल्या शिबंदीने बाहेर पडून त्याची रसद तोडायला हवी. ते मनुष्यबळ या लहान ठाण्यांत नव्हते. खेळाडूंच्या भाषेत सांगायचे, तर चिलखत होते, ॲग्रो नव्हता.

१०/ याच काळात उलटे उदाहरणही घडत होते. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचा वध झाला आणि वर्षाअखेरीस रायगड पडला. राजाराम महाराज दूर दक्षिणेस जिंजीला पोहोचले. झुल्फिकारखान १६९० पासून १६९८ पर्यंत त्या दुर्गाशी अडकून पडला. छत्रपतींचे सिंहासन तिथे असल्याने बादशहाला त्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नव्हते. इकडे संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांना मोगली फौजांवर तुटून पडण्यास मोकळीक मिळाली. किल्ल्याने शत्रूचे लक्ष आठ वर्षे बांधून ठेवले. अखेरीस तो पडला तेव्हा राजाराम महाराज आधीच निसटले होते.

११/ पुन्हा मुंबईत. दुसरी तऱ्हा : मंकची, म्हणजे घाव पुढे ढकलण्याची. बॉम्बे कॅसल पडला नाही. वेढा १६९० च्या जूनपर्यंत लांबला. कोटाने तग धरला, पण सुटका झाली ती वाटाघाटींनी. इंग्रजांचे वकील बादशहापुढे क्षमायाचना करून आले, दीड लाख रुपये दंड मान्य झाला आणि चाइल्डला हिंदुस्थानातून काढण्याची अट पडली. चाइल्ड त्याआधीच, १६९० च्या फेब्रुवारीत, मरण पावला होता.

१२/ म्हणजे कोटाच्या भिंतीने घाव नाहीसा केला नाही. तो वेढ्याच्या काळापुरता अडवला आणि मग पैशाने, मानहानीने फेडला. या तऱ्हेचा टँक कौशल्याने खेळला तर चमूला वेळ मिळवून देतो. मात्र पुढे ढकललेले देणे कधीतरी चुकवावेच लागते. इथे ते फार मोठ्या प्रमाणावर कोटाबाहेरच्यांनी चुकवले. सुमारे वर्षभर ज्यांच्या वाड्यांत परकी फौज बसली होती, त्यांच्यासाठी दीड लाखांचा तह हा विजयही नव्हता आणि भरपाईही नव्हती. जाता जाता सिद्दीने माझगावचा किल्ला जाळला.

१३/ तिसरी तऱ्हा : चपळाईची. पारशी परंपरेने जपलेल्या वृत्तांतानुसार १६९२ मध्ये साथीच्या रोगाने इंग्रजांची शिबंदी क्षीण झाली असता सिद्दीने पुन्हा मुंबई गाठली. त्या वेळी रुस्तुम दोराबजी या तरुणाने बेटावरच्या कोळ्यांना एकत्र केले आणि त्यांच्या बळावर शत्रूला हुसकावून लावले. या कामगिरीबद्दल त्याला कोळ्यांची पाटीलकी मिळाली. त्याच्या घराण्याचे आडनाव तेव्हापासून पटेल झाले.

१४/ कोळ्यांकडे चिलखत नव्हते, तटबंदी नव्हती. होती ती खाडी, भरती-ओहोटी आणि चिखलवाटा यांची उपजत जाण. कोणत्या घटकेला कुठे होडी लागते आणि कुठे रुतते, हे ज्याला ठाऊक, त्याच्यासाठी पाणीच ढाल होते. शिवाय कोटातली शिबंदी पगारासाठी लढत होती आणि कोळी स्वतःच्या घरादारासाठी. टँक आणि त्याच्यामागचा चमू इथे एकच झाला होता.

१५/ चौथी तऱ्हा : ढालीची, म्हणजे वार ओळखून आधीच ढाल उचलण्याची. मार्च १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजांनी ठाणे घेतले आणि साष्टीवर मराठ्यांचा जरीपटका फडकला. शीवच्या पलीकडे आता दुबळे पोर्तुगीज नव्हते. त्याच वर्षाचा, गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या आज्ञेचा शिलालेख मिठी नदीकाठच्या धारावीच्या काळ्या किल्ल्यावर कोरलेला आहे. हद्दीवर शेजारी बदलला, तशी हद्दीवरची ढालही मजबूत झाली.

१६/ मे १७३९ मध्ये वसई पडली. तेव्हा इंग्रजांनी कॅप्टन इंचबर्डला चिमाजी आप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डनला साताऱ्यास शाहू महाराजांकडे पाठवले. तह झाला. दुसरीकडे कोटाभोवती खोल खंदक खणण्याचे काम हाती घेतले गेले. त्यासाठी शहरातील व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये वर्गणी दिली. ‘मराठा खंदक’ हे त्याचे नाव बनवणाऱ्याच्या भीतीवरून पडले, हे विसरू नये.

१७/ १६८९ आणि १७३९ यांतील फरक इथे स्पष्ट होतो. पहिल्या वेळी चाइल्डने शत्रूला डिवचले आणि ढाल नंतर शोधली. दुसऱ्या वेळी ढाल आधी उचलली गेली आणि वकील त्याच वेळी रवाना झाले. मुंबईवर मराठ्यांचा हल्ला झाला नाही. त्याचे श्रेय एकट्या खंदकाला देता येणार नाही. पोर्तुगीजांशी दोन वर्षे झुंजून पेशव्यांनाही दम घ्यायचा होता आणि उत्तरेकडे नादिरशहाच्या स्वारीने दिल्ली हादरली होती.

१८/ मग चारांत श्रेष्ठ कोण? अस्वलाची तऱ्हा अरुंद वाटेवर अजिंक्य. मोकळ्या किनाऱ्यावर निष्प्रभ. घाव पुढे ढकलणारी तऱ्हा मदत येणार असेल तरच उपयोगी. चपळाईची तऱ्हा ओळखीच्या भूमीवर प्रभावी. तिला दारूगोळा आणि विश्रांती मिळाली नाही तर ती थकते. ढालीची तऱ्हा सर्वांत स्वस्त, परंतु तिला बातमी वेळेवर मिळावी लागते. खेळात काय किंवा इतिहासात काय, टँकची निवड शत्रू कोणत्या वाटेने येणार यावरून ठरते.

१९/ शीवच्या किल्ल्याचे पुढे काय झाले? तो पडला नाही; त्याची हद्दच नाहीशी झाली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. पुढे गव्हर्नर जोनाथन डंकनच्या कारकिर्दीत शीव आणि कुर्ला यांना जोडणारा बांध झाला. जिथे शत्रूला अडवायचे, तिथून बैलगाड्या ये-जा करू लागल्या. ज्याला राखायला शीवच उरली नाही, तो शिवेवरचा पहारेकरी निवृत्त झाला.

२०/ आज टेकडीच्या पायथ्याशी उद्यान आहे, वर पडक्या भिंती आणि संध्याकाळी फिरायला येणारी माणसे. जवळचे ‘कोळीवाडा’ स्थानक आता गुरू तेग बहादूर नगर म्हणून ओळखले जाते. फाळणीनंतर इथे वसलेल्या पंजाबी निर्वासितांनी या परिसराला नवी ओळख दिली आणि ‘कोळंबी कोळीवाडा’ ही खमंग चीज मुंबईभर पोहोचली.

२१/ ‘शीव’ या शब्दाचा अर्थ मात्र अजून जिवंत आहे. मुंबईतल्या कोळीवाड्यांची हद्द कागदावर नेमकी कुठून कुठवर, हा सीमांकनाचा प्रश्न आजही धगधगता आहे. ज्या कोळ्यांनी १६९२ मध्ये बेटाची शीव राखल्याचे परंपरा सांगते, त्यांच्या वारसांना आता स्वतःच्या वाड्याची शीव राखावी लागते. या लढ्यात तोफा नाहीत. नकाशे, सातबारे आणि जुन्या पावत्या आहेत.

२२/ पुढच्या वेळी हार्बर मार्गाने जाताना ही टेकडी दिसली, तर ‘हा किल्ला किती मजबूत होता?’ एवढेच विचारून थांबू नये. प्रत्येक किल्ल्याला दोन प्रश्न विचारावेत: शत्रू याच वाटेने येणार होता का? आणि वेढा पडला तेव्हा दरवाजाच्या आत कोण होते, बाहेर कोण राहिले? शीवच्या बाबतीत पहिल्याचे उत्तर शिवडीच्या किनाऱ्यावर मिळते आणि दुसऱ्याचे कोळीवाड्याच्या गल्ल्यांत.

#शीव #कोळीवाडा #इतिहास