पंपाकडून झाकणाकडे : घरगुती स्विम स्पाची जडणघडण

स्विम स्पा म्हणजे साधारणपणे चार ते सहा मीटर लांबीची, कारखान्यात तयार होऊन अंगणात बसवली जाणारी अशी टाकी, जिच्या एका टोकाकडून सोडलेल्या प्रवाहाविरुद्ध माणूस जागच्या जागी पोहू शकतो आणि जिच्यातील कोमट पाण्यात त्याला अंग शेकताही येते. या साधनाच्या इतिहासाचे दोन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात पाणी हलते कसे ठेवावे हा प्रश्न होता, तर दुसऱ्यात तापवलेल्या पाण्याची उष्णता टिकवावी कशी हा. आणि या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकट्या कारागिरांनी नव्हे, तर कायद्याच्या रेट्याखाली शोधले गेले.

पहिल्या टप्प्याची सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. इटलीच्या फ्रिउली प्रांतातून तेथे स्थलांतरित झालेल्या जकुझी बंधूंनी 1915 मध्ये बर्कली येथे विमानांचे पंखे बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. परंतु 1921 मध्ये त्यांच्याच विमानाला झालेल्या अपघातात एका भावासह चौघे मृत्युमुखी पडल्यावर कुटुंबाने विमाननिर्मिती सोडली आणि विहिरींच्या पंपांकडे मोर्चा वळवला. धाकटा भाऊ कँडिडो याच्या मुलाला लहानपणीच आमवाताने ग्रासले होते व रुग्णालयातील जलचिकित्सेने, म्हणजे कोमट व खळाळत्या पाण्यात बसवून केलेल्या उपचाराने, त्याला आराम पडत असे. हाच उपचार घरच्या टबमध्ये मिळावा म्हणून कँडिडोने पाण्यात बुडवून चालवता येणारा पंप तयार केला, जो 1950च्या दशकात बाजारात आला. 1968 मध्ये रॉय जकुझी यांनी पंप आणि पाण्याचे झोत टबच्या भिंतींतच बसवले, तेव्हा उपचाराचे उपकरण चैनीच्या वस्तूंच्या पंक्तीत जाऊन बसले. याच सुमारास कॅलिफोर्नियात दारूच्या जुन्या लाकडी पिंपांत गरम पाणी भरून मित्रमंडळींसह बसण्याची प्रथा रुजली, आणि पुढे पिंपाची जागा फायबरग्लास व ॲक्रिलिकच्या टाक्यांनी घेतली.

जागच्या जागी पोहण्याची कल्पना मात्र प्रयोगशाळेतून आली. पोहणाऱ्याचा श्वासोच्छ्वास आणि हृदयाची गती मोजायची, तर तो एका ठिकाणी राहणे आवश्यक होते. यासाठी स्टॉकहोममध्ये उभारलेल्या, वेग नियंत्रित करता येणाऱ्या प्रवाहकुंडाचे वर्णन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ओस्त्रांद यांनी सहकाऱ्यासह 1972 मध्ये प्रसिद्ध केले. 1980च्या दशकात चक्राने किंवा पंख्याने प्रवाह निर्माण करणारी लहान कुंडे घरोघरी विकली जाऊ लागली, आणि गरम टब व प्रवाहकुंड यांच्या संयोगातून स्विम स्पा आकारास आला.

त्याचे आरोग्यदायी गुण मूलतः प्लावक बलावर, म्हणजे पाणी वस्तूला ज्या बलाने वर ढकलते त्यावर, अवलंबून आहेत. कंबरभर पाण्यात सांध्यांवर पडणारा भार सुमारे निम्म्यावर आणि गळ्याइतक्या पाण्यात साधारण एकदशांशावर येतो, त्यामुळे गुडघेदुखीने त्रस्त माणसालाही स्नायूंना व्यायाम देता येतो.

मात्र या सुखाची किंमत विजेच्या बिलात मोजावी लागते. उघड्या पाण्यातील उष्णतेचा मोठा वाटा बाष्पीभवनाने जातो, कारण पाण्याची वाफ होताना तापमान न वाढवता शोषली जाणारी उष्णता, म्हणजेच अप्रकट उष्मा, फार मोठी असते. एका लिटर पाण्याच्या वाफेसोबत जाणारी उष्णता उरलेल्या शंभर लिटरमधून घेतली गेली, तर ते पाणी साडेपाच अंशांहून अधिक थंड होईल. म्हणूनच घट्ट बसणारे जाड झाकण हा बचतीचा पहिला उपाय ठरतो, आणि भिंतींभोवतीचा फोमचा थर त्यानंतरचा.

1973च्या तेलसंकटानंतर कॅलिफोर्नियाने ऊर्जा आयोग स्थापला, आणि पुढे त्याच्या नियमांच्या कक्षेत हे टबही आले. 2006 पासून लागू झालेल्या नियमानुसार, वापर नसताना पाणी गरम ठेवण्यासाठी टबने किती वीज घ्यावी याची मर्यादा ठरली : गॅलनमधील घनफळाच्या घनमुळाचा वर्ग करावा व त्याला 5 ने गुणावे, म्हणजे वॅट मिळतात. वरवर विचित्र वाटणाऱ्या या सूत्रामागे साधी भूमिती आहे. उष्णता पृष्ठभागातून निसटते, आणि टाकी मोठी होत जाते तसे पृष्ठफळ घनफळापेक्षा कमी वेगाने वाढते. 300 गॅलनच्या टबला या हिशेबाने सुमारे 224 वॅट, म्हणजे दिवसाला साडेपाच युनिटांच्या आत वीज मिळत असे. हेच सूत्र 1500 गॅलनच्या टाकीला लावल्यास पाणी पाचपट होऊनही मर्यादा तिपटीच्या आत राहते. ही मर्यादा तपासण्याच्या चाचणीतही टबवर झाकण असणे गृहीत धरले होते.

पोहण्याचा आणि शेकण्याचा मेळ घालण्यातली अडचण मात्र नियमांनी सुटणारी नाही. पोहण्याला 26 ते 30 अंशांचे पाणी मानवते, तर शेकायला 38 अंशांच्या आसपासचे लागते. बाहेर 15 अंश तापमान असताना पाणी 38 ऐवजी 28 अंशांवर ठेवले, तर आतबाहेरचा फरक 23 वरून 13 अंशांवर येतो आणि भिंतींवाटे जाणारी उष्णता त्याच प्रमाणात घटते. दोन तापमानांचे दोन कप्पे असलेल्या टाक्या याच कारणाने बनवल्या गेल्या. ज्या घरात मुख्य हेतू व्यायामाचा आहे, तेथे मात्र एकाच कप्प्यातील थोडे कमी गरम पाणी आणि न चुकता लावलेले झाकण हीच सर्वांत स्वस्त व्यवस्था ठरते.