फ्रँक ब्राउनिंग

फ्रान्सिस हेन्री ऊर्फ फ्रँक ब्राउनिंग (१८६८ – २६ एप्रिल १९१६) हे आयर्लंडचे हौशी क्रीडापटू आणि व्यवसायाने बॅरिस्टर होते. आयर्लंडच्या क्रिकेट संघाचे यष्टिरक्षक व फलंदाज, तसेच आयरिश रग्बी फुटबॉल युनियनचे अध्यक्ष म्हणून ते ओळखले जातात. १९१६ च्या ईस्टर उठावात गोळी लागून त्यांचा मृत्यू झाला.

== शिक्षण व खेळ ==
ब्राउनिंग यांचे शिक्षण इंग्लंडमधील मार्लबरो कॉलेज आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. १८८८ ते १९०९ या काळात ते आयर्लंडकडून क्रिकेट खेळले. त्या काळी आयर्लंडला कसोटी दर्जा नव्हता. खेळाडू आपापले व्यवसाय सांभाळून मोबदल्याविना खेळत. त्यांतील मोजक्याच सामन्यांना प्रथम श्रेणीचा दर्जा होता. डब्लिनमध्ये ते फीनिक्स क्लबकडून क्रिकेट आणि वाँडरर्स क्लबकडून रग्बी खेळत. रग्बीमध्ये त्यांचा ठसा खेळाडूपेक्षा संघटक म्हणून अधिक उमटला.

== पहिले महायुद्ध ==
ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच ब्राउनिंग यांनी डब्लिनमधील रग्बी क्लबांना पत्र पाठवून खेळाडूंना सैन्यभरतीचे आवाहन केले. लॅन्सडाउन रोड मैदानावर या स्वयंसेवकांची कवायत होऊ लागली. त्यांच्यातील अनेक जण रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सच्या सातव्या बटालियनमधील ‘डी’ कंपनीत एकत्र दाखल झाले. ऑगस्ट १९१५ मध्ये ही बटालियन गॅलिपोलीतील सुव्हला उपसागरात उतरली आणि तेथील लढाईत तिची मोठी हानी झाली.

आघाडीवर जाण्याचे वय उलटलेल्या पुरुषांचे एक प्रशिक्षण दल डब्लिनमध्येच राहिले. ब्राउनिंग त्याच्या प्रमुखांपैकी एक होते. या दलाच्या दंडपट्टीवर ‘जॉर्जियस रेक्स’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘राजा जॉर्ज’, ही अक्षरे असत. डब्लिनकरांनी थट्टेने त्याचे ‘गॉर्जस रेक्स’, म्हणजे ‘देखणे भग्नावशेष’, असे केले होते.

== मृत्यू ==
२४ एप्रिल १९१६ रोजी, ईस्टर सोमवारी, हे दल डब्लिनजवळील डोंगराळ भागातील कवायतीहून परतत होते. त्याच दिवशी शहरात ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव सुरू झाला होता. दलाजवळ बंदुका होत्या, पण दारूगोळा नव्हता. ब्राउनिंग यांची तुकडी नॉर्थम्बरलँड रस्त्यावर येताच तेथील घरांत मोर्चे धरलेल्या आयरिश स्वयंसेवकांनी तिला सशस्त्र सैन्य समजून गोळीबार केला. त्यात काही जण जागीच ठार झाले. जखमी ब्राउनिंग यांचे दोन दिवसांनी बॅगट स्ट्रीट येथील रुग्णालयात निधन झाले. डीन्सग्रेंज स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

ज्यांना त्यांनी भरतीसाठी प्रवृत्त केले, त्यांच्यातील अनेक जण परदेशातील आघाडीवर पडले. ब्राउनिंग यांचा मृत्यू मात्र त्यांच्याच शहरात, आयरिश बांधवांच्या गोळ्यांनी झाला. आयर्लंड स्वतंत्र झाल्यानंतर उठावात लढलेले राष्ट्रीय वीर ठरले, तर ब्रिटिश सैन्यात गेलेल्या आयरिश माणसांची स्मृती दीर्घकाळ सार्वजनिक जीवनात मागे पडली.