जुनी प्रणाली, नवे यंत्र

दिनांक २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा व नगर हवेली हा प्रदेश भारतात रीतसर सामील झाला. सत्ता पालटली, परंतु कायदे एका रात्रीत पालटले नाहीत. १९६१ च्या अधिनियमाने पूर्वीचे कायदे, ते रद्द वा दुरुस्त होईपर्यंत, चालू ठेवले. जमिनीविषयीच्या पोर्तुगीज व्यवस्थेची जागा घेणारा विनियम निघाला तो १९७१ साली. नव्या राज्ययंत्रावर जुनी व्यवस्था दहाहून अधिक वर्षे चालली, कारण ती चालू द्यावयाची असे सत्ताधाऱ्यांनीच ठरविले होते.

संगणकाच्या बाबतीतही असेच काहीसे घडते. संगणकाची सर्व अंगे हलविणारी जी मूळ प्रणाली, जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ती आपल्या काळातील यंत्रेच ओळखते. आपल्यानंतर जन्मलेल्या यंत्राशी बोलावयाचे तर तिला ड्रायव्हर नावाचा दुभाषी लागतो. तो पुरवावयाचा की नाही, हे यंत्र बनविणाऱ्याच्या मर्जीवर असते.

सिल्वाशाजवळ पिपरिया येथे १९६५ च्या सुमारास औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे मसाट, खडोली येथेही वसाहती झाल्या. अशा कारखानदारीच्या गावी हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा राहत नाही. मोठे यंत्र पंचवीस वर्षे कुरकुर न करता चालू शकते. त्यास आज्ञा देणारा संगणक मात्र त्याच्या निम्म्या वयातच थकतो. त्यातील प्रोग्रॅम विंडोज एक्सपीवरच चालणारा असला आणि तो लिहिणारे हयात असूनही दाद देत नसले, तर मालकापुढे दोनच मार्ग उरतात: धडधाकट यंत्र भंगारात घालावे, नाहीतर नव्या संगणकावर जुनी प्रणाली बसवून पाहावी.

एक्सपी आली २००१ च्या ऑक्टोबरात. तेव्हा हार्ड डिस्क रुंद पट्टीसारख्या केबलने जोडलेली असे. थोड्याच वर्षांत साटा पद्धतीच्या डिस्का आल्या आणि त्यांच्याशी बोलण्याची एएचसीआय ही नवी रीत रूढ झाली. एक्सपीला ती ठाऊक नव्हती. परिणामी प्रणाली बसविताना निळा पडदा येई व त्यावर ७बी हा आकडा झळके. याचा अर्थ, ज्या डिस्कवरून उठावयाचे तीच सापडत नाही! उपाय असा की आरंभीच एफ६ ही कळ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा. पण नव्या संगणकास फ्लॉपीच नसे. मग जाणते लोक मूळ सीडीतच ड्रायव्हर मिसळून नवी सीडी तयार करीत, किंवा बायॉसमध्ये शिरून डिस्कला जुन्या आयडीई पद्धतीने वागावयास लावीत. ही दुसरी युक्ती म्हणजे नव्या यंत्राने जुन्याचे घेतलेले सोंग. बायॉसची जागा यूईएफआयने घेतल्यावरही हे सोंग काही काळ टिकले. अखेर २०२० पर्यंत ते बंद करण्याचा मनोदय इंटेलने २०१७ साली जाहीर केला.

कधी कधी तर यंत्राचा वेगच आड येतो. विंडोज ९५ सुरू होताना एक ठराविक आवर्तन किती वेळात पुरे होते हे मोजीत असे. ३५० मेगाहर्ट्‌झच्या एएमडी के६-२ प्रोसेसरने ते इतक्या चपळाईने उरकले की मोजलेला वेळ शून्य भरला. शून्याने भागाकार होऊन प्रणाली कोसळली. चपळाईची अशी शिक्षा क्वचितच कोणाला मिळाली असेल. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी दुरुस्ती काढावी लागली.

ह्या साऱ्या अडचणी निसर्गक्रमाने आल्या असे म्हणता येईल. विंडोज ७ ची कथा मात्र निराळी. २०१५ च्या इंटेल संचावर ती बसविताना यूएसबीचा कळफलक व माऊस निर्जीव होत, कारण नव्या यूएसबीचा ड्रायव्हर तिच्यात नव्हता. तो घालता येत असे. परंतु जानेवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की, पुढील प्रोसेसरांना नवीनतम विंडोजचाच आधार मिळेल. २०१७ साली नव्या प्रोसेसरवरील विंडोज ७ ला सुधारणा नाकारल्या जाऊ लागल्या. हा अडसर काहींनी एका लहानशा प्रोग्रॅमने दूर केला, तेव्हा सुधारणा बसू लागल्या. दार लोखंडी नव्हते. बाहेरून कडी घातली होती.

वास्तविक ह्या व्यवसायाला याहून उदार परंपरा आहे. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली, तेव्हा ग्राहकांनी १४०१ यंत्रासाठी लिहिलेले प्रोग्रॅम वाया जाऊ नयेत म्हणून लहान ३६० यंत्रांस १४०१ ची नक्कल करण्याची सोय ठेवली. आजचे व्हर्च्युअल मशीन त्याच घराण्यातले. नव्या संगणकाच्या पोटात जुना संगणक कल्पून त्यावर एक्सपी सुखाने नांदते.

पण कल्पित यंत्रास खरी खाच नसते. पुण्याच्या सी-डॅकने प्रसृत केलेले जिस्ट कार्ड डॉसच्या काळात मराठी अक्षरे पडद्यावर आणीत असे. ते मदरबोर्डवरील आयएसए खाचेत बसे आणि ती खाच नव्या मदरबोर्डांवरून केव्हाच नाहीशी झाली. कारखान्यातील यंत्राचे नियंत्रणही पुष्कळदा अशाच एखाद्या कार्डावर अवलंबून असते. तेथे नक्कल उपयोगी पडत नाही. जुन्या बाजारात त्या काळचा मदरबोर्ड शोधावा लागतो, आणि मिळाल्यास दोन घेऊन ठेवावे लागतात.