कैदेतून परतलेले मुखवटे

वस्तुसंग्रहालय म्हटले की एखाद्या राजधानीतील भव्य इमारत आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. काचेच्या कपाटात मूर्ती, शस्त्रे, दागिने आणि प्रत्येकाखाली एक चिठ्ठी. वस्तू केव्हाची, कशाची बनवलेली, हे ती चिठ्ठी सांगते. पण ती मुळात कोणाची आणि येथे कशी आली, हे क्वचितच सांगते. आज ज्या संग्रहालयाचा इतिहास आम्ही मांडणार आहोत ते एका लहानशा बेटावरील लहानशा गावात आहे; परंतु हा न विचारलेला प्रश्न त्याने मोठमोठ्या संग्रहालयांना विचारला आणि त्याचे उत्तरही मिळवले.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकूव्हर बेटाच्या उत्तर भागाजवळ कॉर्मोरंट नावाचे चिमुकले बेट आहे. त्यावर अलर्ट बे हे गाव. हा सारा प्रदेश क्वाक्वाला भाषा बोलणाऱ्या मूळ रहिवाशांचा. समुद्राने त्यांना मासे दिले आणि अरण्याने सीडर वृक्ष दिला. त्या एका लाकडातून त्यांनी घरे उभारली, होड्या कोरल्या आणि ज्यांची कीर्ती पुढे जगभर झाली ते मुखवटेही घडवले.

हे मुखवटे केवळ शोभेसाठी नव्हते. ते नाचण्यासाठी होते, आणि नाच होई तो पॉटलॅच नावाच्या समारंभात. विवाह, नामकरण, मृताचे स्मरण, वडिलांचे पद मुलाकडे जाणे, अशा प्रसंगी यजमान गावोगावच्या मंडळींना बोलावी, आपल्या घराण्याचे नाच करून दाखवी आणि मग सर्वांना देणग्या वाटी. आपल्याकडे लग्नघरी पाहुणे आहेर आणतात. येथे यजमानच पाहुण्यांना आहेर करतो. ज्याने आहेर स्वीकारला तो त्या प्रसंगाचा साक्षीदार झाला. ज्या समाजात लेखी दस्तऐवज नव्हते, तेथे पाहुण्यांची स्मृती हेच दप्तर होते आणि मुखवटा हा त्या दप्तरावरील शिक्का होता.

मिशनऱ्यांना आणि सरकारी अधिकाऱ्यांना यात मात्र निव्वळ उधळपट्टी दिसली. मिळवलेले सर्व वाटून टाकणारा माणूस सुधारणार कसा, असा त्यांचा सवाल होता. कॅनडाच्या संसदेने १८८४ साली कायदा करून पॉटलॅच हा गुन्हा ठरवला. १ जानेवारी १८८५ पासून तो अमलात आला. पुष्कळ वर्षे तो कागदावरच राहिला. लोक दूरच्या बेटांवर, हिवाळ्याच्या वादळी दिवसांत, समारंभ करीतच राहिले.

डिसेंबर १९२१ मध्ये व्हिलेज आयलंड येथे डॅन क्रॅनमर यांनी फार मोठा पॉटलॅच केला. त्याची वार्ता सरकारी एजंट विल्यम हॅलिडे याच्या कानी गेली आणि ४५ जणांवर खटले भरले गेले. आरोप काय होते? भाषण करणे, नाचणे, देणग्यांची मांडणी करणे, त्या पाहुण्यांपर्यंत पोचवणे! मग लोकांपुढे एक सौदा ठेवण्यात आला. जमातींनी आपले सर्व मुखवटे, ताम्रपट आणि समारंभाची साधने स्वाधीन केली, तर शिक्षा तहकूब होईल. कायद्यात असल्या सौद्याला कोठेही आधार नव्हता. २२ जणांची शिक्षा याप्रमाणे तहकूब झाली. तरीही २० स्त्रीपुरुषांना ओकाला येथील तुरुंगात जावे लागले.

जमा झालेल्या वस्तू अलर्ट बे येथील चर्चच्या सभागृहात बाकांवर मांडल्या गेल्या आणि त्या पाहण्यासाठी पैसे आकारले गेले. काही वस्तू न्यूयॉर्कच्या जॉर्ज हाय या संग्राहकाने विकत घेतल्या. बाकीच्या ओटावा व टोरांटो येथील संग्रहालयांत गेल्या. म्हणजे माणसे तुरुंगात गेली ती काही महिन्यांसाठी, पण वस्तू कैदेत पडल्या त्या अर्ध्या शतकाहून अधिक काळ.

१९५१ साली कायद्याची फेररचना झाली तेव्हा बंदीचे ते कलम गुपचूप गाळण्यात आले. ना खेद, ना खुलासा. पुढे लोकांनी आपल्या वस्तू परत मागितल्या. ओटावाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने त्या देण्याचे मान्य केले, पण अट घातली, की आधी त्यांच्यासाठी संग्रहालये बांधा. ही अट पुरी करून केप मज येथे १९७९ साली एक आणि अलर्ट बे येथे १९८० साली दुसरे संग्रहालय उघडले. टोरांटोच्या वस्तू १९८८ मध्ये परतल्या. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ यांच्या संग्रहातील एक शिरोभूषण त्यांच्या कन्येने २००३ साली परत केले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने २००५ साली एक मुखवटा पाठवला, पण तो दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर!

अलर्ट बेच्या संग्रहालयाचे नाव उमिस्ता. पूर्वी लढायांत शत्रूने धरून नेलेली माणसे खंडणी देऊन किंवा सोडवून घरी आणली, की त्यांना उमिस्ता लाभली असे म्हणत. वस्तूंना हा शब्द लावण्यात त्या लोकांची सारी भावना आली. पॉटलॅचचे हे मुखवटे तेथे काचेआड ठेवलेले नाहीत. ते पुरेसे कोंडून राहिले, असे त्यांच्या धन्यांना वाटले. याच संस्थेने क्वाक्वाला भाषा शिकवण्याचे काम अंगावर घेतले. शेजारीच १९२९ साली उघडलेल्या निवासी शाळेची इमारत होती. तेथे मुलांच्या तोंडची तीच भाषा पुसून टाकण्याची खटपट झाली होती. ती इमारत २०१५ साली पाडण्यात आली.

यावर कोणी म्हणेल, की मोठ्या संग्रहालयांनी नेल्या म्हणूनच त्या वस्तू टिकल्या. त्यांनी त्या जपल्या हे आम्ही नाकारीत नाही. पण जप्तीपूर्वी त्या कोणी जपल्या होत्या? घराघरांतील लाकडी पेट्यांनी आणि त्या योग्य प्रसंगीच उघडणाऱ्या हातांनी. मोठ्या संग्रहालयाने लाकूड राखले. त्या लाकडाचा अर्थ राखला तो समुद्रकाठच्या आजीआजोबांनी, बंदीच्या ६६ वर्षांत चोरून नाच शिकवून.

संग्रहालय लहान की मोठे हे त्याच्या दालनांवरून ठरत नाही. तेथील वस्तू पाहून गावातील मुलाला 'हे माझ्या पणजोबांचे' असे म्हणता येते काय, आणि ते खरे आहे हे सांगणारे कोणी तेथे असते काय, यावरून ते ठरते. अलर्ट बे येथे या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'होय' असे आहे. आपल्या गावातील जुन्या वस्तूंपुढे उभे राहून हेच दोन प्रश्न आपणही विचारावेत, एवढेच आमचे सांगणे.